पद्मिनीच्या सायलेन्सरचं काम घरच्या घरी : मॅनिफोल्डपासून शेपटीच्या पाइपापर्यंत

सांगली-मिरजेत कुठल्याही गॅरेजला जुनी गाडी नेऊन सायलेन्सर फुटलाय म्हणून सांगितलं की दोनच उत्तरं येतात. एक म्हणजे 'काढून टाकू, दुसऱ्या गाडीचा बसवू' आणि दुसरं म्हणजे 'पत्र्याची चकती लावून वेल्डिंग मारतो, चालतंय की'. चालतंय खरं, पण पावसाळ्यापर्यंत. चकतीच्या शेजारीच दुसरं भोक पडतं, कारण सायलेन्सर बाहेरून नाही तर आतून खाल्ला जातो, आणि आतला गंज चकतीला दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की करायचं तर पूर्ण लाइन एकदाच उतरवा, मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात देणारा भाग), पॅकिंग (जोड घट्ट बसावा म्हणून मधे घालतात ते), पुढचा पाइप, डबा (म्हणजे खुद्द सायलेन्सर), शेपटीचा पाइप आणि लाइन ज्यावर लटकते ती रबरं सगळं एकदम बघा, आणि बसवताना ती गाडीला जखडू नका, लटकती ठेवा. हे दोन मुद्दे धरले तर बाकी सगळं काम म्हणजे नुसता धीर आणि कोपऱ्यापर्यंत काळे हात.

मी लिहितोय ते पद्मिनी डोळ्यासमोर ठेवून, म्हणजे १०८९ सीसीची जुनी फियाटच. अँबेसेडरवाल्यांनी आणि जुन्या जीपवाल्यांनी मापं आपापली घ्यायची, पद्धत तीच. पद्मिनीचं आणि सांगलीचं नातं तसं लांबून आहेच, ज्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली त्यांचंच नाव विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. असो, कामाकडे वळू.

आतून गंज का लागतो ते आधी

एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण लिटरभरच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन आणि पाइप तापलेले असले की ती वाफ सरळ मागून निघून जाते, पण गाडी काढली, मारुती चौकापासून विश्रामबागेपर्यंत गेलो आणि बंद केली, असं रोज चाललं तर डबा शंभर डिग्रीला पोचतच नाही, वाफ आतच थंड होते आणि पाणी डब्याच्या तळाशी बसतं. त्यात जळणातल्या गंधकाचं आम्ल मिसळतं. आता बीएस सिक्स पेट्रोलात गंधक फार कमी, १० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत दहा) असतंय, पण ज्या गाड्या आधीच्या पेट्रोलवर तीस-चाळीस वर्षं चालल्या त्यांच्या डब्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणूनच जास्त पळणाऱ्या टॅक्सीचा सायलेन्सर टिकतो आणि दारात उभ्या असलेल्या, रविवारी पुसून ठेवणाऱ्यांच्या गाडीचा सडतो. लोकांना हे उलटं वाटतंय, पण असंच आहे.

आणि आपल्याकडे दुसरं कारण म्हणजे पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती, त्यात किती गाड्या बुडाल्या त्याला हिशोब नाही. ज्यांची गाडी पुरात उभी होती त्यांनी एक गोष्ट पक्की धरायची, पाणी शेपटीच्या पाइपातून आत येतं, डबा भरतो, आणि पाणी उतरल्यावर आत राहतो तो गाळ. वाळला की त्याचा थर विटेसारखा होतो. डबा हलवून बघितला तर खुळखुळ आवाज येत नाही, जड लागतो, आणि इंजिन सुरू झालं तरी गुदमरल्यासारखं चालतं. अशा गाडीला आधी स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढा, इंजिन हातानं फिरवा, सिलिंडरात पाणी नाही ना बघा, मग पुढचं. डब्यातला गाळ पाण्याच्या प्रेशरनं थोडाफार निघतो पण पूर्ण कधीच नाही, असा डबा सरळ उघडायचा किंवा बदलायचा.

उतरवायच्या आधी

थंड गाडी सुरू करा आणि बॉनेट उघडून कान द्या. इंजिनापाशी टिक-टिक-टिक असा आवाज, आणि गाडी तापली की तो कमी होतो किंवा बंदच होतो, म्हणजे मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय नाहीतर मॅनिफोल्ड वाकलंय. लोक ह्यालाच व्हॉल्व्हचा आवाज समजून टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) करत बसतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून फाट-फाट होतंय तर कुठंतरी बाहेरची हवा आत ओढली जातीय. जोडावर काळी काजळी दिसली की तिथून गळतंय, त्याला दुसरा पुरावा लागत नाही.

मग इंजिनाची रबर माउंटिंगं बघा, ही गोष्ट हमखास राहून जाते. माउंटिंग बसलेलं असलं की इंजिन क्लच सोडताना जास्त हलतं, पाइप इंजिनाबरोबर हलतो, डबा बॉडीबरोबर हलतो, आणि मधल्या मधे पाइपाला तडा जातो. नवा पाइप घालून महिन्याभरात त्याच जागी तुटला असं कुणी सांगितलं तर मी आधी माउंटिंग विचारतो.

मोबाइलवर फोटो भरपूर काढा. कुठलं रबर कुठं, कुठला बोल्ट कुठल्या बाजूनं, पाइप आणि पेट्रोलची नळी ह्यांच्यात अंतर किती, ब्रेकची नळी कुठून जाते. आधीच्या मालकांनी काय काय उचापती केल्यात त्यावर गाडीगाडीत फरक असतो, तेव्हा फोटो हेच तुमचं मॅन्युअल.

गाडी उचलताना जॅकवर भरवसा ठेवून खाली झोपायचं नाही. नुसत्या विटांवर तर मुळीच नाही, वीट फुटते ती सांगून फुटत नाही. चार चांगले लोखंडी घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) आणा, भाड्यानंही मिळतात, फरशी किंवा कोबा असलेल्या सपाट जागी लावा, चाकं घोड्यांशेजारी खाली ठेवा आणि आत जायच्या आधी गाडी हातानं जोरात हलवून बघा. बॅटरीची वायर काढा. डोळ्याला गॉगल पाहिजेच, डोक्यावर गंजाचे पापुद्रे पडत असतात आणि एखादा डोळ्यात गेला की दिवस वाया.

गंजलेले नट

खरी लढाई इथं आहे. मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाइपाच्या जोडावरचे नट वर्षानुवर्षं तापून थंड होऊन बोल्टाशी एकजीव झालेले असतात. घाईत पाना लावून जोर केला की स्टड, म्हणजे आत रुतवलेला बिनडोक्याचा बोल्ट, मुळात तुटतो आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळीच वायर ब्रशनं आटे घासून साफ करा, गंज उतरवणारं ऑइल मारा, रात्री झोपायच्या आधी परत मारा. बाजारातला स्प्रे नसेल तर ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून पिचकारीनं सोडलं तरी भारी काम करतं, पण ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा त्या दिवशी आसपास आग नको आणि डबी बंद ठेवायची. गॅसचा बर्नर लावायच्या आधी ते सगळं पुसून, वाळू देऊन, मगच.

सकाळी सहा कोनांचाच सॉकेट लावा, बारा कोनांचा नटाच्या कडा गोल करतो. आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या दिशेनं, असं मागं-पुढं. हलला की लगेच सगळा काढू नका, परत ऑइल, परत मागं-पुढं. हलतच नसेल तर नटाला ताप द्यायचा, स्टडला नाही. नट तापून फुगतो आणि पकड ढिली होते. लालसर झाला की आग बाजूला करून मेणबत्ती आट्याला टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं आणि वंगणासारखं काम करतं. हे मला कुपवाडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी दाखवलं, स्प्रेच्या डब्यावर पैसे घालवायच्या आधी मेणबत्ती वापर म्हणाले. ही युक्ती कार्बोरेटरच्या जवळ असताना करायची नाही. मॅनिफोल्ड सहसा कार्बोरेटरच्या शेजारीच असतं, तिथं आग म्हणजे खेळ नव्हे, आधी कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी काढून नळीचं तोंड बंद करा, ओली गोणपाटं टाका, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. एवढं जमत नसेल तर तापवायचा नाद सोडा आणि छन्नीनं नट उभा चिरून काढा, नट दहा रुपयाचा असतो.

स्टड तुटलाच, तर वर थोडा शिल्लक असेल तेव्हा त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, त्या तापानंच तो निम्मा सैल होतो, गार झाल्यावर पाना लावून काढा. अगदी बरोबरीला तुटला असेल तर सेंटर पंच बरोब्बर मधे मारून ड्रिल करावं लागतं, आणि इथं सांगतो, ते उलट्या आट्याचं एक्स्ट्रॅक्टर मिळतं ना, ते हातात आलं म्हणून वापरू नका. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं की त्याला साधं ड्रिल लागत नाही. त्यापेक्षा हेड किंवा मॅनिफोल्ड काढून लेथवाल्याकडं न्या.

बीडाचं मॅनिफोल्ड

मॅनिफोल्ड उतरलं की आधी जुनं पॅकिंग. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ते कोरडं खरवडलं, ग्राइंडरनं उडवलं की त्याचे तंतू फुफ्फुसात जाऊन बसतात, वीस-तीस वर्षांनी त्रास दाखवतात. पाणी शिंपडून ओलं करा, बोथट पट्टीनं काढा, तुकडे ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बांधा, चांगला मास्क लावा, एअर मारायची नाही. मेस्त्री लोक तोंडानं फुंकर मारतात, त्यांचं बघून करू नका.

मॅनिफोल्ड बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, वरवरचा गंज त्याला काही करत नाही. वायर ब्रशनं घासा, मग तडे शोधा. घासलेटात भिजवून पुसून घ्या, वर खडूची पूड चोळा आणि दहा मिनिटं थांबा, तडा असेल तर आतलं घासलेट पुडीवर काळसर रेघ होऊन उमटतं. फुकटची आणि भरवशाची तपासणी आहे. घासलेट पूर्ण वाळल्याशिवाय आगीजवळ न्यायचं नाही हे सांगायला नको.

वाकलंय का ते बघायला सरळ पोलादी पट्टी हेडच्या बाजूच्या तोंडांवर आडवी ठेवा आणि खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. एक दशांश मिलिमीटरपर्यंत पॅकिंग सांभाळून घेतं, दोन दशांशाची पट्टी आरामात सरकत असेल तर फेसिंग मारून, म्हणजे तोंडं घासून सपाट करून घ्या. सांगली-कुपवाड एमआयडीसीत हे काम करणारे मिलिंग-ग्राइंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत, सगळी तोंडं एका पातळीत आली पाहिजेत एवढं सांगा. तडा असेल तर मात्र साध्या वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका. बीड थंडपणी वेल्डिंग केलं की शेजारीच नवा तडा जातो. आधी सगळा तुकडा तापवायचा, निकेलच्या रॉडनं इंच-इंच भरायचं, हातोडीनं हलकं ठोकत जायचं आणि मग राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर गार होऊ द्यायचं. आपला भाग ओतकामाचा आहे, १९१० पासून किर्लोस्करवाडी आहे, पलीकडं कोल्हापुरात शिरोलीला फाउंड्र्याच फाउंड्र्या, तेव्हा बीड कळणारा माणूस सापडतो, फक्त शोधायला पाहिजे.

बसवताना नवे स्टड घाला आणि नट पितळी घ्या. पितळी नट लोखंडी स्टडला चिकटत नाहीत, पुढच्या वेळी तुम्ही स्वतःलाच दुवा द्याल. आट्याला तांब्याचं ग्रीस. आवळताना मधल्या नटापासून बाहेरच्या नटाकडं, एका फटक्यात नाही, दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्क पाना असेल तर गाडीच्या मॅन्युअलचा आकडा पाळा, पितळी नटाला तर जास्त जोर चालतच नाही, आटे सोडून देतो.

पाइप : कुठला घ्यायचा आणि कसा वाकवायचा

जुना पाइप फेकू नका. कितीही सडलेला असू दे, तोच तुमचा नमुना आहे. तुकडे झाले असतील तर चार ठिकाणी टाके मारून जोडा आणि त्यावरून जाड लोखंडी तार वाकवून वळणांचा साचा काढून ठेवा. बाहेरचं माप व्हर्नियरनं, गंज नसलेल्या जागी घ्या. ह्या वर्गातल्या गाड्यांना दीड इंचाच्या आसपासचा पाइप असतो, पण ऐकीव मापावर पाइप कापू नका.

आणि मोठा पाइप घालायचा मोह आवरा. पोरं सांगतात की दोन इंची घाल, गाडी मोकळी होते. हजार-अकराशे सीसीच्या इंजिनाला दोन इंची पाइप घातला की धुराचा वेग मंदावतो, खालच्या आरपीएमचा जोर जातो, आणि चाळीसच्या स्पीडला आत बसलेल्यांच्या छातीत घुमतं. पद्मिनी मुळात शांत गाडी आहे, तिला बुलेट करून काय मिळवायचंय.

साधा एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पाइप, १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा, पुरेसा. १८ गेज स्वस्त आणि हलका पण लवकर जातो, आणि नवशिक्या हाताला वेल्डिंग करताना भोकं पडतात. अल्युमिनाइज्ड (ॲल्युमिनियमचा थर दिलेला) मिळाला तर सोन्याहून पिवळं. जीआयचा, म्हणजे नळाचा जस्त लावलेला पाइप वापरायचाच नाही, वेल्डिंगला जस्ताचा पांढरा धूर निघतो, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. स्टेनलेस पाहिजे असेल तर आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची आणि डेअरीची कामं करणारे आर्गन वेल्डिंगवाले चांगले आहेत, ३०४ ग्रेडचा पाइप त्यांच्याकडे पडलेलाच असतो. जन्मभर टिकेल, पण आवाज किंचित पत्र्यासारखा येतो, आणि स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट वाढतं, त्यामुळं हँगरला तेवढी मोकळीक ठेवावी लागते. स्टेनलेस आणि एमएस जोडायचं असेल तर ३०९ ची फिलर रॉड मागा.

वाकवणं हे दोन तऱ्हेनं होतं. सोपी तऱ्हा म्हणजे तयार ४५ आणि ९० डिग्रीचे बेंड आणून मधे सरळ तुकडे जोडत जायचं, जोड जास्त होतात पण घरी जमतं. जुनी तऱ्हा म्हणजे वाळू भरून. ही मला आवडते म्हणून जरा सविस्तर. बारीक वाळू घमेल्यात घालून चुलीवर इतकी भाजायची की वर काच धरली तर काचेवर दमटपणा येता कामा नये. हे गमतीत घेऊ नका, वाळूत ओल राहिली आणि दोन्ही तोंडं बंद पाइप लाल केला तर आत वाफ कोंडून लाकडी गुडदी गोळीसारखी सुटते. पाइपाच्या एका टोकाला लाकडी गुडदी ठोका, वाळू भरता भरता पाइपाला बाहेरून हातोडीनं ठकठक करत राहा म्हणजे वाळू खाली बसत जाते, आवाज भरीव यायला लागला की दुसरी गुडदी ठोका, तिला मधून बारीक भोक पाडून ठेवा म्हणजे चुकूनमाकून राहिलेल्या वाफेला वाट मिळते. तोंडाच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. पाइपाची जी उभी वेल्डिंगची शिवण असते ती वळणाच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नका, कडेला ठेवा, तिथं ताण सगळ्यात कमी. मग जेवढं वळण पाहिजे तेवढाच भाग सगळीकडनं सारखा लाल करा आणि ट्रकच्या जुन्या रिमसारख्या गोल वस्तूभोवती न थांबता, एका दमानं ओढा. आतल्या बाजूला सुरकुती यायला लागली की थांबा, परत तापवा. पूर्ण गार झाल्यावरच वाळू काढा आणि आतून तार-फडकं फिरवून कण न कण झटका.

एक पाइप दुसऱ्यात घालून जोडताना इंजिनाकडचा पाइप मागच्या पाइपाच्या आत गेला पाहिजे, उलटं नाही, म्हणजे धूर जोडावर आपटत नाही. चाळीसेक मिलिमीटर आत जाऊ द्या, बाहेरच्या पाइपाला दोन उभ्या चिरा द्या म्हणजे क्लॅम्प नीट आवळतो.

डबा उघडणं

तयार डबा मिळाला तर घ्या की. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर कुर्ल्याकडं स्पेअर पार्टची ददात नव्हती, २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी बंद झाली, आता हळूहळू माल कमी होत चाललाय आणि जो मिळतो त्यात बराच पातळ पत्र्याचा नकली असतो. हातात घेऊन वजन बघा, बोटानं टिचकी मारा, आत पट्ट्या नीट वेल्डिंग केलेल्या असल्या तर टणक आवाज येतो.

जुना मूळ डबा वाचवायचा असेल तर आधी टोकदार पेचकसनं सगळीकडून टोचा, विशेषतः तळाला आणि दोन्ही टोकांच्या शिवणीला. पेचकस आत गेला तिथवर पत्रा मेलेला समजायचा. तळाचा तिसरा हिस्साच गेला असेल आणि टोकाच्या झाकणांचा पत्रा धड असेल तर काम करण्यात अर्थ आहे. पातळ चकतीच्या ग्राइंडरनं एका बाजूनं लांबीत चिरा, पुस्तकासारखा उघडा. आत भोकांचा पाइप, आडव्या पट्ट्या, काही डब्यांत काचेची लोकर. धूर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत जातो आणि त्यात आवाजाच्या लाटा एकमेकांना मारतात, डबा गप्प राहतो तो ह्याच्यामुळं. म्हणून पट्ट्यांची जागा आणि भोकांचं माप बदलू नका, जसं आहे तसं नवीन पत्र्यात करा. भोकांची तयार जाळी पत्र्याच्या दुकानात मिळते, ती गोल करून पाइप बनवा. काचेची लोकर हाताळताना हातमोजे आणि फुल बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

बंद करायच्या आधी, गाडीवर बसल्यावर जी जागा सगळ्यात खाली येते तिथं तीन मिलिमीटरचं एकच भोक पाडा. साचलेलं पाणी तिथून गळून जातं. आवाजात काडीचा फरक पडत नाही आणि डब्याचं आयुष्य वाढतं.

वेल्डिंग मिगवर (तार आपोआप सोडणारं मशीन) ०.८ मिलिमीटरची तार लावून केलं तर उत्तम. घरी नुसतं आर्क मशीन असेल तर २ मिलिमीटरची ६०१३ रॉड, करंट पन्नासच्या अलीकडं-पलीकडं, आणि सलग रेघ ओढायची नाही, टाका मारायचा, थांबायचं, समोरच्या बाजूला टाका मारायचा. सगळं वेल्डिंग गाडीच्या बाहेर. बसवून बघायचं, खडूनं आणि खिळ्यानं आरपार रेघ मारून खूण करायची, उतरवायचं, मग बाहेर टाका. गाडीखाली झोपून, वर पेट्रोलची टाकी आणि नळी, तिथं ठिणग्या उडवायच्या हे मी तरी करत नाही, आणि कुणाला करू देत नाही. भोकं बुजवायला एम-सील वगैरे लावणाऱ्यांसाठी एकच सांगणं, ते एवढ्या तापाला टिकायला बनवलेलंच नसतं. जोडासाठी एक्झॉस्ट पेस्ट वेगळी मिळते, तीसुद्धा जोडाला, भोकाला नाही.

रंग साधा ऑइल पेंट नको, जळून वास मारतो. सिलिकॉनवाला हीट रेझिस्टंट ॲल्युमिनियम रंग घ्या, ६०० डिग्रीचा. पातळ दोन हात. थिनरनं तेलाचा अंश पूर्ण गेलेला पाहिजे. हा रंग तापल्याशिवाय पक्का होत नाही, तेव्हा बसवल्यावर मोकळ्या जागेत दहा मिनिटं आयडलला चालवा, पूर्ण गार करा, मग वीस मिनिटं, परत गार, मग एक चक्कर. धूर निघतो, घाबरू नका, तो रंगाचाच.

चढवणं

सगळं एकदम वर न्या आणि सगळे नट हातानंच, ढिले. आधी मॅनिफोल्डचा जोड, मग गिअरबॉक्सजवळचा ब्रॅकेट असेल तर तो, मग डबा, शेवटी शेपटी. आता लाइन हातानं हलवा, ती स्वतःची जागा घेते. रबरं सगळी नवीन, जुनी दिसायला चांगली असली तरी. रबर सरळ खाली लटकलं पाहिजे, तिरकं ओढलेलं दिसलं म्हणजे पाइपात ताण आहे, क्लॅम्प सोडा आणि पाइप फिरवा, रबर ओढून बसवायचं नाही. चेसिस, फरशीचा पत्रा, ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी ह्या सगळ्यांपासून निदान बोटभर, जमलं तर इंचभर अंतर. मग पुढून मागं आवळत या. मागच्या सीटवर दोन दांडगी माणसं बसवून परत अंतर बघा, सांगलीतले स्पीडब्रेकर काय आहेत ते माहितीय सगळ्यांना.

शेपटीचं टोक बंपरच्या बाहेर आलं पाहिजे. दिसायला छान म्हणून आत ठेवलं तर धूर मागच्या पत्र्याखाली घुटमळतो आणि डिकीच्या सडलेल्या रबरातून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखलं, झोप यायला लागली तर काचा उघडा, बाजूला घ्या. फरशीची आणि डिकीची भोकं ह्याच कामात बुजवून टाका, परत मुहूर्त लागत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालवायचं नाही, अगदी एक मिनिटही.

गळती बघायला इंजिन सुरू करायची गरज नाही. व्हॅक्यूम क्लीनरचा नाहीतर ब्लोअरचा हवा फेकणारा पाइप शेपटीला लावा, फडक्यानं कडा बंद करा, आणि सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावत जा. बुडबुडे आले की तिथं परत क्लॅम्प. डब्याच्या तळाच्या भोकातून बुडबुडे येणारच, ते तुम्हीच पाडलंय. ही तपासणी पीयूसीच्या आधी करा, कारण गळक्या लाइनमध्ये बाहेरची हवा मिसळते आणि रीडिंग खोटं येतं, आज पास उद्या नापास. आपल्या ह्या जुन्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तेव्हा कार्बोरेटर नीट ट्यून असणं आणि लाइन घट्ट असणं एवढ्यावरच पास-नापास ठरतं. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला एमएच १० वाल्यांना, म्हणजे सांगली पासिंगवाल्यांना, आरटीओत गाडी दाखवावी लागतेच, तिथंही फुटका आवाज पहिल्यांदा कानावर जातो. ज्यांची गाडी ५० वर्षांच्या पुढं गेलीय आणि २०२१ च्या नियमाखाली व्हिंटेज नोंदणी करायचीय, त्यांनी तर लाइन मूळ पद्धतीचीच ठेवा, त्यात गाडीत मोठे बदल केलेले चालत नाहीत.

पहिली लांब चक्कर तासगावची मारा, पंचवीसेक किलोमीटर होतंय, सगळं नीट तापतं. परत आल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि मॅनिफोल्डचे नट आणि सगळे क्लॅम्प एकदा परत आवळा, नवीन पॅकिंग तापून बसतं आणि नट हमखास थोडे ढिले होतात. सकाळी सुरू केल्यावर शेपटीतून पाण्याचे थेंब पडले तर ते चांगलंच, आत साचण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं. पुढं मात्र आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा, नुसती दारात पाच मिनिटं सुरू करून बंद करत असाल तर त्यापेक्षा सुरू न केलेली परवडली.